कंपाउंडरची खिडकी

ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या ऐन भरात, महाराष्ट्रातला एक राजकीय नेता मुलाखतीत म्हणून गेला, की डॉक्टरांपेक्षा कंपाउंडरला जास्त कळतं, मी औषध कंपाउंडरकडूनच घेतो. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. पीपीई किट घालून रात्रंदिवस राबणाऱ्यांना ते बोलणं लागणारच होतं आणि त्यांचा राग रास्तच होता. पुढे काही दिवस वाहिन्यांवर 'कंपाउंडर' हा शब्द फिरत राहिला. मी एका कंपाउंडरची मुलगी. तो गदारोळ ऐकताना राहून राहून एकच वाटत होतं, अरे, ज्याच्या नावाने भांडताय तो माणूस आता आहे कुठे? तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यात आज कोण औषध कालवतंय? नोकरीवर असलेला एकही कंपाउंडर मला त्या दिवसांत टीव्हीवर दिसला नाही. दिसणार कसा, तो उरलेलाच नाही. गेला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझे वडील, अण्णा, मॅट्रिक झाल्यावर, साठच्या दशकात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे कामाला लागले. त्या काळच्या दवाखान्याची मांडणी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेर रोग्यांची बाकडी, आत डॉक्टरांची खोली, आणि तिच्या शेजारी लाकडी आडभिंत घालून केलेली कंपाउंडरची जागा. आडभिंतीला हात आत जाईल एवढी खिडकी. डॉक्टरांनी तपासलं, की रोगी चिठ्ठी आणि घरून आणलेली रिकामी बाटली त्या खिडकीत ठेवायचा. चिठ्ठीवर दोन-तीन आखूड शब्द असायचे. 'कार्मि.', 'अल्क.', 'टी.डी.एस.' म्हणजे दिवसातून तीनदा, 'तीन दिवस'. बाकी सगळं अण्णांच्या डोक्यात.

आत फळ्यांवर तपकिरी काचेच्या बरण्या. चिनी मातीचा खल आणि बत्ता, मलम घोटायची काचेची पाटी, लवचिक पात्याची सुरी, डब्यात जपून ठेवलेला छोटा तराजू, आणि खालच्या बाजूला निमुळता होत जाणारा औंसाचा ग्लास. वजन-मापाचा १९५६ चा कायदा येऊन देशात ग्रॅम-लिटर रुळले होते, पण दवाखान्यातली जुनी माणसं ग्रेन, ड्राम आणि औंसातच विचार करत. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, साठ ग्रेनचा एक ड्राम. अण्णांना दोन्ही मापं तोंडपाठ होती आणि एकातून दुसऱ्यात जायला त्यांना कागद-पेन्सिल लागत नसे.

मला सगळ्यात आवडायची ती बाटलीवरची पट्टी. पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद लांब पट्टी घ्यायची, ती जितके डोस तितक्या घड्यांत दुमडायची, आणि घडीच्या दोन्ही कडांना कात्रीने तिरपे काप द्यायचे. उलगडली की शंकरपाळ्यांची माळ तयार. मागे खळ लावून ती बाटलीला उभी चिकटवायची. बाटलीतलं औषध पट्टीच्या वरच्या टोकाला बरोबर लागलं पाहिजे, आणि एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ज्या बाईला अंक वाचता येत नाहीत, घरात घड्याळ नाही, मापाचा चमचा नाही, तिलाही ती पट्टी कळायची. तीन दिवसांचं औषध, दिवसाला तीन वेळा, म्हणजे नऊ घरं. तिसऱ्या दिवशी बाटली परत आली, की तिच्याकडे नुसतं पाहून अण्णांना समजायचं, पोराला औषध पाजलंय की नाही. चार घरं शिल्लक असतील तर ते विचारायचे, "का हो, कडू लागलं का? का दोघांत वाटून दिलंत?" वाटून देणारे पुष्कळ असत. एकाच्या औषधात दोन पोरांना बरं करायची धडपड असायची ती.

पुड्यांचं काम त्याहून नाजूक. गोळ्या खलात बारीक वाटायच्या, भुकटी पाटीवर घेऊन सुरीच्या पात्याने तिची सरळ लगड ओढायची, मग तिचे डोळ्याने सारखे भाग पाडायचे. कागदाचे चौकोन शेजारी-शेजारी मांडून ठेवलेले. प्रत्येकावर एक भाग, मग वरची कड दुमडायची, दोन्ही बाजू आत घ्यायच्या आणि टोक त्यातच खोचून टाकायचं. पुडी खिशात दोन दिवस राहिली तरी कणभर सांडत नसे. अण्णांची बोटं ते करताना खिडकीतून रोग्याशी बोलत असत, हे मला आजही नवल वाटतं. तापाला आणि अंगदुखीला तेव्हा एपीसी फार चालायचं, अॅस्पिरीन, फेनासेटिन आणि कॅफीन यांचं मिश्रण. त्यातलं फेनासेटिन मूत्रपिंडाला घातक असल्याचं पुढे सिद्ध झालं आणि १९८३ साली सरकारने त्यावर बंदी घातली. आमच्या अख्ख्या तालुक्याने तोवर ते किती खाल्लं असेल, याचा विचार अण्णा पुढे कधीकधी करत आणि गप्प होत.

सकाळी दवाखाना उघडण्याआधी मोठ्या बाटल्यांत दिवसभराची मिक्श्चरं तयार करून ठेवायची. तांबडं कार्मिनेटिव्ह हे पोटाचं औषध. त्यात खायचा सोडा, सुंठेचा अर्क, पेपरमिंटचं पाणी आणि वेलदोड्याचं टिंक्चर. या वेलदोड्याच्या टिंक्चरात नुसता वेलदोडा नसतो, शहाजिरं आणि दालचिनीही असते, आणि त्याला तांबडा रंग येतो तो कोचिनील नावाच्या वाळवलेल्या किड्यांमुळे. आईला हे कळलं तेव्हा तिने ते औषध घ्यायचंच सोडलं. खोकल्याच्या औषधात अमोनियम क्लोराइड, लघवीच्या जळजळीला सायट्रेटचं अल्कलाइन मिक्श्चर, घशाला लावायला मँडल्स पेंट म्हणजे ग्लिसरीनमध्ये कालवलेलं आयोडीन, खरजेला गंधकाचं मलम किंवा बेंझिल बेंझोएटचं दुधासारखं पांढरं औषध, तोंड आलं तर जेन्शन व्हायलेट. शाळेत अर्ध्या वर्गाच्या जिभा जांभळ्या दिसल्या, की त्या आठवड्यात अण्णांना किती काम पडलं असेल ते मला समजायचं.

हे सगळं एकत्र ओतणं म्हणजे कुणालाही जमेल असं काम वाटतं. ते तसं नव्हतं. क्विनीन आम्लात विरघळवून द्यावं लागतं. त्यातच कुणी सोडियम सॅलिसिलेट ओतलं तर बाटलीत साका धरतो. कंपाउंडरीच्या जुन्या पुस्तकांत सगळ्यात धडकी भरवणारं उदाहरण असे ते कुचल्याचं. कुचल्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन हे विष आणि ब्रोमाइड एका बाटलीत आलं, की स्ट्रिक्नीनचे बारीक स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. पहिले डोस निरुपद्रवी जातात आणि शेवटच्या डोसात सगळं विष एकदम पोटात जातं. डॉक्टर घाईत दोन न जुळणारी औषधं लिहून गेले, तर ती चूक अडवायची शेवटची जागा ही खिडकी होती. अशा वेळी अण्णा चिठ्ठी घेऊन आत जायचे, डॉक्टरांच्या कानाशी वाकून काहीतरी विचारायचे आणि बदललेली चिठ्ठी घेऊन बाहेर यायचे. रोग्याला पत्ताही लागत नसे. "डॉक्टरांचा मान राहिला पाहिजे आणि पेशंटचा जीव," एवढंच ते म्हणायचे.

'बाटली हलवून घ्या' हे वाक्य आता सगळ्या बाटल्यांवर छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. तळाशी बसणाऱ्या औषधांत ते वाक्य पाळलं नाही तर पहिले तीन डोस नुसतं पाणी आणि शेवटचा डोस नको इतका जड, असं होतं. अण्णा ते तोंडाने सांगत आणि पुन्हा समोरच्याकडून वदवून घेत. मला वाटतं, त्यांच्या कामाचा खरा गाभा इथेच होता. बाजाराच्या दिवशी खिडकीपुढचं बोलणं असं चालायचं:

"कंपौंडर, ही तांबडी बाटली जेवायच्या आदी का मागनं वो?"

"जेवल्यावर, मावशी. सकाळी भाकरी खाल्ली की एक घर, दुपारी जेवल्यावर एक, आणि दिवेलागणीनंतर जेवाल तेव्हा एक. हलवायची आधी. कशी हलवाल, दाखवा बघू."

मावशी बाटली हलवून दाखवायची. मागचे लोक हसायचे, पण ऐकत असायचे, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत निम्मं सांगणं त्यांना आपोआप पाठ झालेलं असायचं. घड्याळाच्या वेळा अण्णांनी कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. गुरं सुटायची वेळ, गिरणीचा भोंगा, शाळा सुटल्यावर, आंघोळीआधी, असं ज्याच्या त्याच्या दिवसात बसणारं ते सांगत. कोण काय करतं, कुणाच्या घरी सासू औषध देऊ देत नाही, कुणाचा नवरा औषधाचे पैसे पितो, हे त्यांना माहीत असे. डॉक्टरांपुढे बायका बोलत नसत. पदर सावरून "डोकं दुखतंय" म्हणायच्या आणि उठायच्या. अंगावरून जातंय, पाळी थांबत नाही, हे खिडकीशी येऊन, तेही आडून आडून कळायचं. पुरुष माणसाला सांगायचं म्हणून पुष्कळ जणी तिथेही गप्प राहिल्या असतील. ज्या बोलल्या, त्यांना अण्णा पुन्हा आत घेऊन जात.

एका बाजाराच्या दिवशीची गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी शाळेतून डबा घेऊन गेले होते. बाकडी भरलेली, दारापर्यंत माणसं. एक तरुण बाई तान्हं मूल मांडीवर घेऊन भिंतीला टेकून खाली बसलेली. मूल रडत नव्हतं, म्हणून कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. अण्णा पुडी बांधता बांधता थांबले. त्यांनी खिडकीतून त्या मुलाच्या उघड्या छातीकडे पाहिलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. अण्णा बाहेर आले, मूल उचललं आणि रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून थेट डॉक्टरांपुढे नेऊन ठेवलं. रांगेत कुरकूर झाली. त्यांनी वळून एवढंच सांगितलं, "ते रडत नाही म्हणून आधी." मुलाला न्युमोनिया होता. पेनिसिलिन सुरू झालं आणि मूल वाचलं. रडणाऱ्या मुलापेक्षा न रडणाऱ्या मुलाची काळजी जास्त करायची, हे मी त्या दिवशी शिकले आणि पुढे स्वतःच्या मुलांच्या वेळी ते मला उपयोगी पडलं.

मिक्श्चर म्हणजे रंगीत पाणी, असं शिकलेले लोक म्हणत. त्यात काही अंशी तथ्य होतं. पुष्कळ आजार तीन दिवसांत आपसूक बरे होतात आणि श्रेय तांबड्या बाटलीला जातं. पण मला उलटही म्हणायचं आहे. तीन दिवसांची बाटली दिली म्हणजे तीन दिवसांनी माणूस परत येणार हे ठरलेलं. तेवढ्यात आजार आपलं रूप दाखवायचा. आज साध्या सर्दीला पहिल्या दिवशी अँटिबायोटिक दिलं जातं, आणि ते दोन दिवसांत बंद केलं जातं कारण बरं वाटतं. त्या रंगीत पाण्याने निदान जंतूंना औषधं पचवायला शिकवलं नाही. हां, ज्या मुलाला खरोखर पेनिसिलिनची गरज होती त्याच्या हाती नुसतं खोकल्याचं मिक्श्चर पडलं, असंही तेव्हा गावोगाव झालेलं असणार. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही.

हे काम संपलं ते कुणी एकाने संपवलं म्हणून नव्हे. पहिला धक्का कारखान्यांचा. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी देशात पेनिसिलिन बनू लागलं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढली. तोच रेणू वेगळ्या पद्धतीने बनवायला देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि गोळ्या स्वस्त होत गेल्या. फॉइलमध्ये बंद झालेली गोळी मोजावी लागत नाही, हलवावी लागत नाही, तिच्यात साका धरत नाही. खल-बत्ता फळीवर गेला. टिंक्चरांच्या बरण्यांवर धूळ बसायला लागली. रोग्यांनाही गोळी आवडू लागली. बाटली घेऊन जाणं गावंढळ वाटायला लागलं.

दुसरं म्हणजे कायदा. १९४८ चा फार्मसी कायदा आला, तेव्हा दवाखान्यात किमान पाच वर्षं औषध देण्याचं काम केलेल्यांना पहिल्या नोंदवहीत शिरायची वाट ठेवलेली होती. त्या वाटेने कितीतरी कंपाउंडर रीतसर फार्मासिस्ट झाले, त्यांनी पुढे दुकानं टाकली. अण्णांसारखे नंतर आले त्यांच्यासाठी ते दार बंद झालेलं होतं. त्याच कायद्याच्या ४२ व्या कलमाने, नोंदणी असलेल्या फार्मासिस्टशिवाय कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करू नये, देऊ नये, असं ठरवलं. मुख्य अपवाद, डॉक्टरने स्वतःच्या रोग्याला दिलेलं औषध. अण्णांची सगळी नोकरी या अपवादाच्या आडोशाला झाली. औषध कालवणारा हात कागदावर डॉक्टरांचाच होता. अण्णा कायद्याला दिसतच नव्हते. सरकारी दवाखान्यांत 'मिश्रक' या नावाने पद होतं, पगार होता, निवृत्तिवेतन होतं. खासगी दवाखान्यातल्या कंपाउंडरला दिवाळीला जास्तीचा पगार आणि धोतरजोडी मिळाली तरी पुष्कळ.

हा कायदा चुकीचा होता असं मला वाटत नाही. औषध ही ज्याच्या हाती पडेल त्याने कालवावी अशी वस्तू नाही, हे १९८६ साली मुंबईत दिसलं. जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष मिसळलेलं निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतची सडलेली साखळी उघडी पाडली. त्यात कंपाउंडरचा काही संबंध नव्हता. पण ती बातमी वाचून अण्णा हादरले. ग्लिसरीन त्यांच्याही फळीवर होतं. मँडल्स पेंटमध्ये ते रोज जात होतं. "बरणीवरची चिठ्ठी खरी, असं धरूनच आपण आयुष्यभर काम केलं," असं ते त्या रात्री आईला म्हणाल्याचं मला आठवतं. बरणीत काय आहे हे तपासायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं, देशातल्या कुठल्याच कंपाउंडरकडे नव्हतं.

त्याच वर्षी भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि काचेच्या सिरिंजकडे लोक संशयाने पाहू लागले. स्टोव्हवरच्या स्टीलच्या डबीत सिरिंज आणि सुया उकळत ठेवायच्या, सुई बोथट झाली की दगडावर घासायची, हे कंपाउंडरचं नेहमीचं काम. गर्दीच्या दिवशी उकळीची मिनिटं कोण मोजणार? एकदा वापरून टाकायची प्लास्टिकची सिरिंज आली ती चांगलीच झाली. मग १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. कागदपत्र नसलेल्या माणसाच्या हातून औषध देणं आता डॉक्टरांनाही परवडणारं नव्हतं. आमच्या गावचे जुने डॉक्टर गेले, त्यांचा मुलगा एमडी होऊन आला. त्याने खिडकीची आडभिंत काढून तिथे तपासणीचं टेबल टाकलं आणि समोर मेडिकलचं दुकान निघालं. अण्णा काही काळ नंबर पुकारायचे, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळायचे, फोन घ्यायचे. मग एक दिवस घरी बसले. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, अनुभवाचा दाखला नाही. इतकी वर्षं काम केल्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक कागद नव्हता. त्या डॉक्टरांच्या घराशी आमचे संबंध शेवटपर्यंत चांगले राहिले, आणि तरीही मला हे सलतं. ज्या माणसाच्या हातून एका तालुक्याने औषध घेतलं, त्याची नोंद कुठल्याही वहीत असू नये?

त्यांच्या बरोबरीचे काही जण खेड्यात जाऊन 'डॉक्टर' झाले. पाटी न लावता सलाईन लावत, स्टिरॉइडची इंजेक्शनं देत. लोकांना गुण यायचा आणि मग हाडं ठिसूळ व्हायची. अण्णांना तशी बोलावणी आली होती. दोन गावांनी खोली देऊ केली होती. ते गेले नाहीत. "मला काय माहीत नाही, ते मला माहीत आहे," हे त्यांचं उत्तर होतं. ज्यांनी तो धंदा केला त्यांना मी माफ करू शकत नाही. पण एवढी वर्षं काम करून हाती काहीच न पडलेला माणूस तिकडे का वळला असेल, तेही मला कळतं.

या कामाचं महत्त्व मला नीट उमगलं ते गांधीजींच्या आत्मकथेतल्या एका छोट्या मजकुरामुळे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करत असताना त्यांना सेवेची ओढ लागली. दरबानमध्ये पारशी रुस्तमजींच्या देणगीतून डॉक्टर बूथ यांच्या देखरेखीखाली एक लहान धर्मादाय रुग्णालय निघालं होतं. औषधं देण्याचं काम दिवसाला तास-दोन तासांचं होतं. ऑफिसातून तेवढा वेळ काढून तिथली कंपाउंडरची जागा आपण भरून काढायची, असं गांधीजींनी ठरवलं. रोग्यांचं म्हणणं समजून घ्यायचं, ते डॉक्टरांपुढे मांडायचं आणि डॉक्टरांनी लिहिलेलं औषध करून द्यायचं, असं त्या कामाचं वर्णन त्यांनी केलं आहे. तिथे येणारे बहुतेक गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर होते, तमिळ, तेलुगू आणि उत्तरेकडचे. या कामामुळे आपण त्या दुःखी माणसांच्या अगदी जवळ गेलो, असं ते लिहितात. कंपाउंडरच्या कामाची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. तीन कामं, आणि त्यातलं औषध करणं हे शेवटचं. त्याआधीची दोन्ही कामं माणसाशी बोलण्याची आहेत.

यातलं औषध करण्याचं काम कारखान्याने उचललं, आणि कंपाउंडरपेक्षा हजार पटीने चांगलं उचललं. बोलण्याचं काम कुणी उचललं? कागदावर ते फार्मासिस्टचं आहे. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांत रोग्याला औषधाची माहिती समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर भलताच मुलगा. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच म्हणून त्यांनी कारवाईचा धडाका लावला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंद पुकारला होता. कायद्याचं साधं पालन मागितल्यावर दुकानं बंद होतात, यातच सगळं आलं.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. १९९७ पासून क्षयरोगाच्या कार्यक्रमात रोग्याला समोर बसवून गोळी गिळायला लावायची पद्धत आली, डॉट्स. गोळी देऊन भागत नाही, ती पोटात गेली का हे पाहायला माणूस लागतो, हे तिथे मान्य केलं आणि त्यासाठी माणसं नेमली. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोग्यांसाठी ते कुणी मानत नाही. माझ्या ओळखीतल्या एका आजी प्लास्टिकच्या पिशवीत सात प्रकारच्या गोळ्या घेऊन फिरतात. रंगावरून ओळखतात. कंपनी बदलली आणि गोळी पांढरीची गुलाबी झाली, तर रक्तदाबाची गोळी दिवसातून चारदा जायची किंवा महिनाभर जायचीच नाही. डॉक्टरांकडे त्यांना मिळतात पाच मिनिटं, दुकानात त्याहून कमी.

माझा धाकटा भाऊ डी. फार्म. करून मेडिकलचं दुकान चालवतो. अण्णा शेवटची काही वर्षं संध्याकाळी तिथे बसायचे. औषधाला हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं होतं, आणि ते नियमाचे पक्के. ते फक्त विचारायचे. "कशासाठी दिलंय, डॉक्टर काय म्हणाले? जेवता किती वाजता? ही अर्धी करायची ना, मग मोडून दाखवा." माणसं थांबायची. दुकानापुढे गर्दी व्हायची, आणि त्यातली दोन गिऱ्हाइकं कंटाळून शेजारच्या दुकानात जायची. भावाला त्याचा त्रास व्हायचा. तो बोलून दाखवायचा नाही, पण दिसायचं.

अण्णा गेल्यावर मी त्याला एकदा विचारलं, आता हे कोण करतं? तो म्हणाला, "मी करतो ताई, जमेल तेवढं. पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून देतो. पण संध्याकाळी सातला पंधरा माणसं उभी असतात. सरकारने भाव बांधलेल्या औषधावर मला सोळा टक्के सुटतात ते गोळी विकण्याचे. समजावून सांगितल्याचे कुणी देत नाही. अण्णांना तरी कोण देत होतं? पण त्यांचा पगार बाटल्यांवर ठरत नव्हता."

त्याचं म्हणणं मला पटलं. मी म्हटलं, मग निदान प्राथमिक आरोग्य केंद्रात तरी हे पगारी काम करायला काय हरकत आहे? तिथे औषध निर्माण अधिकारी आहे, पण त्याच्यामागे साठ्याची नोंदवही आणि ऑनलाइन अहवाल लागलेले. त्याच्याशेजारी एक माणूस बसवा, गावातलाच, फक्त विचारायला आणि सांगायला. भाऊ म्हणाला, "आणि त्या पदाला नाव काय देशील?" मी म्हटलं, नाव काहीही द्या, नेमणुकीचा कागद तेवढा पहिल्या दिवशी त्याच्या हातात द्या.